‘डाउन ॲट द ट्विस्ट अँड शाउट’ : केजन वळणाचे एक कंट्री गाणे पावलांनी कसे ऐकावे

मेरी चॅपिन कार्पेंटर या अमेरिकन गायिकेने स्वतः लिहिलेले ‘डाउन ॲट द ट्विस्ट अँड शाउट’ हे गाणे १९९० साली त्यांच्या ‘शूटिंग स्ट्रेट इन द डार्क’ या अल्बममधून प्रथम लोकांपुढे आले. १९९१ च्या उन्हाळ्यात ते स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाल्यावर बिलबोर्डच्या कंट्री यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले, आणि १९९२ साली त्याच गाण्यासाठी कार्पेंटर यांना कंट्री गायिकेचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. शनिवारची रात्र, गावातले नाचाचे सभागृह, सोबतीला जोडीदार आणि लुइझियानाहून आलेली वादकांची मंडळी, एवढाच त्याचा विषय आहे.

वॉशिंग्टन शहराला लागून असलेल्या मेरीलँडच्या उपनगरांत मी काही वर्षे राहिले, आणि हे गाणे मी आधी दोन वर्षे नुसते कानांनी ऐकत होते. ते आवडत होते, परंतु त्यातले अकॉर्डियन मध्येच तुटल्यासारखे का वाजते, गायिका शब्द इतके आखूड का तोडते आणि दोन कडव्यांच्या मधला वाद्यांचा भाग नेमका तेवढाच लांब का आहे, हे मला उमगत नव्हते. टू-स्टेप नावाचा नाच शिकल्यावर या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एका संध्याकाळी मिळाली. म्हणूनच या लेखातील क्रम ऐकण्यापासून सुरू होत असला, तरी त्याचा मुख्य भाग पावलांचा आहे, आणि ज्याला वेळ थोडा आहे त्याने बाकीचे पुढे ढकलून तो भाग आधी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम जागा समजून घ्यावी

हे गाणे ऐकणाऱ्या अनेकांची अशी समजूत होते की ‘ट्विस्ट अँड शाउट’ हे सभागृह लुइझियाना राज्यातील एखाद्या दलदलीच्या काठी असणार. प्रत्यक्षात ते तिथून हजार मैलांहून अधिक दूर, मेरीलँडमधील बेथेस्डा येथे होते. अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या सभागृहात ठरलेल्या रात्री नाच भरे आणि केजन व झायडेको या लुइझियानाच्या नृत्यसंगीतांचे वादक तिथे येऊन वाजवीत. आज ते नृत्यगृह अस्तित्वात नाही. ही भौगोलिक गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण गाण्याचा सगळा जीव तिच्यात आहे, कारण हे गाणे लुइझियानात राहणाऱ्याचे नसून लुइझियानाची ओढ लागलेल्या, उत्तरेकडे राहणाऱ्या माणसाचे आहे.

केजन म्हणजे कोण, हेही थोडक्यात माहीत असावे. आजच्या कॅनडातील नोव्हा स्कोशिया आणि आसपासच्या अकेडिया या प्रदेशात वसलेल्या फ्रेंच शेतकऱ्यांना ब्रिटिशांनी १७५५ पासून हुसकावून लावण्यास सुरुवात केली. त्यांच्यातील अनेक कुटुंबे १७६० च्या दशकात, आणि फ्रान्समध्ये अडकून पडलेले सुमारे सोळाशे लोक १७८५ साली सात जहाजांतून, लुइझियानात येऊन स्थायिक झाले. ‘अकेडियन’ या शब्दाचेच बोलण्यात घासून घासून ‘केजन’ झाले. १९२१ च्या राज्यघटनेने तिथल्या सरकारी शाळांत इंग्रजी सक्तीची केली आणि वर्गात फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागल्या. भाषा शाळेतून गेली, ती घरात आणि शनिवारच्या नाचात टिकली. नृत्यगृहाविषयी गाणे लिहिणे ही केजन संगीतात हौसेपुरती बाब का नाही, याचे कारण इथे सापडते. ज्या जागेत आजीआजोबांची भाषा मोठ्याने गाता येत होती, अशी ती जागा होती.

या नाचाच्या मेळाव्याला तिथे ‘फे दो-दो’ म्हणतात. ‘दो-दो’ हा लहान मुलांशी बोलतानाचा शब्द आहे, आपण तान्ह्या बाळाला ‘गाई गाई कर’ म्हणतो तसा. आईवडील मुलांना सभागृहालगतच्या खोलीत निजवीत आणि मग नाचायला जात, त्यावरून हे नाव पडल्याचे सांगतात. तीन पिढ्या एका छपराखाली, ही केजन नाचाची जुनी रीत आहे, आणि कार्पेंटर यांच्या गाण्यातही आई, वडील, बहीण अशा सगळ्यांना घेऊन या, तिथे जागा पुष्कळ आहे, असे आमंत्रण तिसऱ्या कडव्यात दिलेले आहे. कंट्री गाण्यांतला दारूचा अड्डा आणि केजन गाण्यांतले नृत्यगृह यांत फरक करावयाचा तो इथे.

शब्द वाचताना दुसऱ्या कडव्यापाशी थांबावे

पहिल्या ऐकण्यात गाण्याचे शब्द समोर ठेवू नयेत, ते दुसऱ्यांदा ठेवावेत. ध्रुवपद सोपे आहे आणि ते आपोआप पाठ होते. लक्ष द्यायचे ते मगरीच्या रश्श्याचा आणि क्रॉफिश नावाच्या लहान गोड्या पाण्यातील शेवंडांच्या पायचा उल्लेख येतो त्या कडव्याकडे. आखातावरून वादळ येत आहे आणि तिथले लोक वादळाच्या निमित्तानेही मेजवानी करतात, असे चित्र कवयित्री आधी उभे करते. त्यानंतर लगेच ती म्हणते की इथे उत्तरेकडे मात्र थंडगार पाऊस पडतो आहे आणि मनावरच्या मळभाला औषध नाही. औषध एकच आहे, ते म्हणजे वर्तमानपत्रात बोसोले ही मंडळी गावात येणार असल्याची बातमी वाचणे.

आता त्यातील गंमतीची आणि मला अतिशय हृद्य वाटणारी गोष्ट अशी की, गाण्यात जिच्या येण्याची वाट पाहिली जाते ती बोसोले मंडळीच या ध्वनिमुद्रणात वाजवीत आहे. १९७५ साली स्थापन झालेली ही लुइझियानाची मंडळी, फिडलवादक मायकल डूसे तिचे प्रमुख, आणि तिचे नाव अकेडियातील हकालपट्टीला विरोध करणाऱ्या जोसेफ ब्रूसार या पुढाऱ्याच्या ‘बोसोले’ या टोपणनावावरून घेतलेले. म्हणजे एका ओळीत शब्द जे मागतात ते पुढच्या क्षणी वाद्ये हजर करतात. १९९७ च्या जानेवारीत न्यू ऑर्लिन्समधील सुपर बोल सामन्याच्या वेळी कार्पेंटर यांनी हेच गाणे बोसोलेसोबत सादर केले, तेव्हा उत्तरेतल्या सभागृहाचे ते गाणे एका अर्थी आपल्या माहेरी जाऊन आले. परगावी राहून गणपतीत किंवा दिवाळी पहाटेला मंडळाच्या हॉलकडे निघालेल्या मराठी माणसाला हे कडवे समजावून सांगावे लागत नाही.

एका वेळी एकच वाद्य ऐकावे

तिसऱ्या ऐकण्यापासून कान वाद्यांवर ठेवावा, आणि प्रत्येक वेळी एकच वाद्य निवडावे. ढोल, बास आणि विजेची गिटार यांचा पाया नॅशव्हिलच्या कंट्रीचा आहे, त्यावर फिडल आणि अकॉर्डियन केजन पद्धतीने येतात. पाया एका घरचा आणि छप्पर दुसऱ्या घरचे, ही या गाण्याची रचना लक्षात आली की पुढचे सोपे जाते.

फिडल म्हणजे व्हायोलिनच, परंतु त्यावरील गज वेगळ्या सवयीने चालतो. केजन फिडलवादक शेजारच्या दोन तारा एकदम वाजवतात, त्यामुळे एक सूर चालीचा आणि दुसरा अखंड घुमणारा असा दुहेरी नाद येतो. अकॉर्डियन सामान्यतः सी स्वराचे असते, आणि त्याच्याशी सोयीने जुळावे म्हणून कित्येक फिडलवादक चारही तारा एक पूर्ण स्वर खाली उतरवून घेतात. तारा सैल झाल्यामुळे आवाज थोडा गडद होतो. शास्त्रीय व्हायोलिन ऐकलेल्या कानाला हा फरक पहिल्याच वाक्यात जाणवेल.

अकॉर्डियनवर मात्र सावकाश थांबावे, कारण पेटीवर वाढलेल्या आपल्या कानाची इथे हमखास फसगत होते. पेटी आणि अकॉर्डियन ही एकाच कुळातली वाद्ये आहेत. दोन्हीत हवेच्या झोताने धातूची पातळ पट्टी कंप पावते. अकॉर्डियनचे पेटंट व्हिएन्नात १८२९ साली आणि हार्मोनियमचे पॅरिसमध्ये १८४२ साली घेतले गेले. आपल्या पेटीत भाता कसाही हलवला तरी गांधाराची पट्टी दाबली की गांधारच वाजतो. केजन अकॉर्डियनमध्ये तसे नाही. त्याला उजवीकडे पियानोसारख्या पट्ट्या नसून एका ओळीत फक्त दहा बटणे असतात, आणि एकच बटण भाता आत दाबताना एक स्वर देते व बाहेर ओढताना दुसरा. सी स्वराच्या वाद्यावर दाबताना सा, ग, प मिळतात आणि ओढताना रे, म, ध, नी. म्हणजे सा रे ग म असे सरळ चढायचे झाले तरी भात्याची दिशा दर स्वराला बदलावी लागते, आणि दिशा बदलली की क्षणभर हवा तुटते.

मला जे अकॉर्डियन तुटल्यासारखे वाटत होते ते यामुळे. तो दोष नसून त्या वाद्याचा श्वास आहे, आणि नाचणाऱ्याच्या पायाला जो धक्का हवा असतो तो याच तुटण्यातून मिळतो. एका नृत्याच्या संध्याकाळी मी वादकाच्या डाव्या बाजूला अगदी जवळ उभी होते. त्याचा उजवा अंगठा चामड्याच्या लहानशा वादीत अडकवलेला होता, डाव्या हाताला खर्ज आणि मेळ यांची दोनच बटणे होती, वाद्याच्या माथ्यावर लाकडी गोंड्यांसारखे चार खटके वर ओढलेले होते, आणि भाता इंच-दीड इंचापेक्षा जास्त उघडत नव्हता. एवढ्याशा हालचालीतून तो संपूर्ण सभागृह भरत होता. चारही खटके उघडे असताना एका बटणाला एका दिशेत चार पट्ट्या एकदम वाजतात, म्हणजे दहा बटणांच्या या लहान पेटाऱ्यात दोन दिशांच्या मिळून ऐंशी पट्ट्या असतात. आवाजाच्या त्या जोराचे कारण हेच, आणि विजेचे ध्वनिवर्धक येण्यापूर्वी लुइझियानाच्या नृत्यगृहांत हे वाद्य का रुजले याचेही.

आणखी एक गोष्ट पेटी शिकलेल्यांसाठी. या वाद्यात फक्त सात शुद्ध स्वर असतात, म्हणजे बिलावल थाट. परंतु सी स्वराच्या अकॉर्डियनवर वादक जेव्हा जी स्वराला षड्ज मानून वाजवतो तेव्हा त्याला तीव्र स्थानावरचा एफ मिळत नाही, आणि नव्या षड्जापासून मोजल्यास निषाद कोमल होतो. म्हणजे वाद्य न बदलता तो खमाज थाटात आलेला असतो. केजन गाणी ऐकताना एखादी चाल अचानक आपली वाटू लागली, तर निषादाकडे लक्ष द्यावे.

त्रिकोण हे वाद्य लहान असले तरी ऐकावेच. केजन त्रिकोण जुन्या काळी शेतातील गवत ओढण्याच्या दाताळ्याच्या पोलादी दात्यांपासून बनवीत. आपल्या टाळकऱ्याप्रमाणेच वादक हाताची मूठ उघडून आणि मिटून नाद मोकळा सोडतो किंवा दाबतो.

ठेका पायाखाली आणावा

टू-स्टेप चार मात्रांच्या आवर्तनात चालतो. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर खर्ज, दुसऱ्या आणि चौथीवर वरचा हलका ठोका. टाळी वाजवायची झाल्यास आपला हात सवयीने पहिल्या मात्रेवर, समेवर पडतो. इथे टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर द्यावी. खुर्चीत बसून उजवी टाच पहिल्या व तिसऱ्या मात्रेवर टेकवावी आणि दोन बोटांनी मांडीवर दुसरी व चौथी वाजवावी. हे संपूर्ण गाणे न चुकता करता येईपर्यंत उभे राहू नये. केरव्याची सवय असलेल्यांना आठ मात्रांचा एक केरवा आणि पुढे येणारी पावलांची एक पूर्ण फेरी बरोबर जुळते, हे मोजणीसाठी उपयोगी पडेल; मात्र केरव्याचा झोल पायात आणू नये, कारण या नाचाची चाल सपाट आहे.

टू-स्टेप

सामग्री मोजकी आहे. दहा फूट मोकळी गुळगुळीत फरशी आणि चामड्याच्या किंवा घासून गुळगुळीत झालेल्या तळव्यांचे बूट असावेत. रबरी तळव्याचे धावण्याचे बूट टाळावेत, कारण ते जमिनीला धरून ठेवतात आणि वळताना गुडघ्याला पीळ बसतो. सुरुवातीला घरी मोजे घालून सराव केला तरी चालतो, फक्त फरशी ओली नसावी. जुन्या नृत्यगृहांत पाय सरकावेत म्हणून लाकडी जमिनीवर मक्याचे पीठ भुरभुरण्याची पद्धत होती. लुइझियानातील ब्रो ब्रिज येथील एका प्रसिद्ध नृत्यगृहाचे नावच ‘ला पूसिएर’ असे आहे, आणि त्याचा अर्थ धूळ असा होतो.

आधी एकट्याने उभे राहावे. पावले जुळलेली, गुडघे किंचित सैल, वजन दोन्ही पायांवर. पहिल्या मात्रेला डावा पाय डावीकडे सरकवून त्यावर वजन घ्यावे. दुसऱ्या मात्रेला उजवा पाय डाव्याशेजारी आणून वजन उजव्यावर द्यावे. तिसऱ्या मात्रेला पुन्हा डावा पाय डावीकडे, वजन डाव्यावर. चौथ्या मात्रेला उजवा पाय डाव्याशेजारी आणून नुसता टेकवावा, त्यावर वजन देऊ नये. इथे अर्धी फेरी झाली. पाचव्या मात्रेपासून हेच उजवीकडे: उजवा बाजूला, डावा शेजारी, उजवा बाजूला, आणि आठव्या मात्रेला डावा नुसता टेकवायचा. तोंडाने ‘बाजूला, जवळ, बाजूला, टेक’ असे म्हणत दहा मिनिटे करावे, गाणे न लावता.

चौथ्या मात्रेवरील टेकणे हीच या नाचाची किल्ली आहे आणि बहुतेक चुका तिथेच होतात. मी पहिल्या दोन शिकवण्यांमध्ये तिथे नकळत वजन देत असे, त्यामुळे पाचव्या मात्रेला उजवा पाय मोकळा नसे आणि मी प्रत्येक वेळी अर्धी मात्रा मागे पडत असे. शिकवणाऱ्या बाईंनी उपाय सांगितला तो सोपा होता: चौथ्या मात्रेला पायाची टाच उचललेली ठेवून फक्त चवडा जमिनीला लावायचा. टाच वर असली की शरीराचे वजन तिथे जाऊच शकत नाही. दहा मिनिटांत चूक गेली. दुसरी नेहमीची चूक म्हणजे उड्या मारणे. ठेका चपळ आहे म्हणून शरीर वरखाली होऊ लागते, परंतु लुइझियानातील जुनी जाणती माणसे नाचताना पाहिली तर कमरेच्या वरचा भाग जवळजवळ स्थिर आणि पाय जमिनीला घासत चालणारे दिसतात. डोक्यावर पाण्याने भरलेला तांब्या आहे असे समजून नाचावे. पावलेही आखूड ठेवावीत, एका फुटाहून कमी, कारण गाणे जलद आहे आणि लांब पाऊल टाकणारा चौथ्या मात्रेपर्यंत परत येऊ शकत नाही.

एवढे बसले की गाणे लावावे आणि पहिल्या कडव्याला स्वस्थ उभे राहून ध्रुवपदापासून सुरुवात करावी. शब्द आखूड का तोडले आहेत हे इथे कळते. गायिका बहुतेक जागी ओळ अशा ठिकाणी सोडते की टेकण्याच्या मात्रेला आवाज नसतो, फक्त ठोका असतो, आणि पाय तो ऐकतो.

जोडीने करताना नेणाऱ्याचा डावा हात आणि येणाऱ्याचा उजवा हात खांद्याच्या उंचीच्या थोडे खाली सैलसर धरलेले असतात. नेणाऱ्याचा उजवा तळवा दुसऱ्याच्या पाठीवर खांद्याच्या हाडाखाली असतो. येणाऱ्याची पावले आरशातल्यासारखी उलट, म्हणजे उजव्या पायाने सुरू होतात. दिशा हाताने ढकलून सांगायची नसते, ती छातीच्या वळण्यातून सांगायची असते. बाजूला सरकणे जमले की हीच पावले थोडी तिरकी करून जोडी पुढे न्यावी, म्हणजे ती सभागृहात फिरू लागते. हे फिरणे नेहमी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने असते, आपल्या प्रदक्षिणेच्या नेमके विरुद्ध, त्यामुळे पहिल्या दिवशी मनाला बजावून सांगावे लागते. गिरक्या आणि हातांच्या गुंफणी नंतर शिकाव्यात. त्या दुसऱ्या एका नाचाच्या, केजन जिटरबगच्या आहेत, आणि टू-स्टेप पक्का होण्यापूर्वी त्यांच्या मागे लागलेल्या माणसाचा ठेका कायमचा कच्चा राहतो असे मी पाहिले आहे.

सभागृहात जाताना

वॉशिंग्टनच्या परिसरात राहणाऱ्या मराठी वाचकांना हे दूर शोधावे लागणार नाही. बेथेस्डापासून जवळच असलेल्या ग्लेन एको उद्यानात १९३३ साली बांधलेले स्पॅनिश बॉलरूम हे लाकडी जमिनीचे मोठे नृत्यगृह आहे, आणि त्या उद्यानात केजन व झायडेको नाचाचे कार्यक्रम होत आले आहेत. अशा ठिकाणी मुख्य नाचापूर्वी बहुधा नवशिक्यांसाठी छोटी शिकवणी असते. तिला वेळेवर जावे. जोडीदार नसला तरी अडत नाही. कोणीही कोणालाही नाचासाठी विचारू शकते, स्त्रियाही पुरुषांना आणि स्त्रियांना विचारतात, आणि एका गाण्यानंतर धन्यवाद म्हणून दुसऱ्या जोडीदाराकडे जाणे हा तिथला शिष्टाचार आहे, अपमान नव्हे. नवशिक्यांनी वर्तुळाच्या आतल्या बाजूला राहावे, बाहेरची वाट वेगाने जाणाऱ्यांसाठी मोकळी ठेवावी, आणि बोलण्यासाठी नाचाच्या जमिनीवर थांबू नये. सोबत जादा सदरा आणि पाण्याची बाटली असावी.

लुइझियानाला जाण्याचा योग आला तर युनिस येथील लिबर्टी थिएटर शनिवारच्या संध्याकाळसाठी आणि मामू येथील फ्रेड्स लाउंज शनिवारच्या सकाळसाठी पाहावे. हो, सकाळीच. १९४६ पासून चालत आलेल्या त्या छोट्या जागेतील शनिवार सकाळचा नाच रेडिओवरून प्रक्षेपित होत आला आहे.

तिथे टू-स्टेपइतकाच वॉल्ट्झ वाजतो, त्याचे आवर्तन तीन मात्रांचे असते, आणि दादऱ्याची सवय असलेल्यांना तो लवकर बसतो. झायडेको मात्र वेगळा ओळखावा. तो लुइझियानातील कृष्णवर्णीय क्रिओल लोकांचा, ब्लूजच्या जवळचा, आणि त्यात छातीवर घालण्याचा नागमोडी पत्रा चमच्यांनी किंवा बाटली उघडण्याच्या चाव्यांनी वाजवतात. क्लिफ्टन शेनिये हे त्याचे थोर वादक. दोन्ही संगीतांची मुळे गुंतलेली आहेत: अमेदे आर्द्वां हे क्रिओल अकॉर्डियनवादक आणि डेनिस मगी हे गोरे केजन फिडलवादक यांनी १९२९ साली, वर्णभेदाच्या कडक काळात, एकत्र ध्वनिमुद्रण केले होते.

स्वतः वाजवायचे असल्यास

गिटारवर ही शैली वाजवण्यासाठी सा, म आणि प यांवर आधारलेले तीन मेळ पुरतात. जी, सी आणि डी घेऊन सुरुवात करावी आणि आपल्या आवाजाप्रमाणे कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावून वर सरकावे. पहिल्या व तिसऱ्या मात्रेला जाड तार एकटी, दुसऱ्या व चौथीला बाकीच्या तारा एकदम आणि लगेच तळव्याने दाबून बंद, एवढेच हाताचे काम आहे.

पेटीवर सफेद एक षड्ज धरून सा-ग-प, म-ध-सां आणि प-नी-रें असे मेळ वाजवता येतात, पण ते ओढल्यासारखे लांब राहिले तर भजनाचा रंग येतो. बोटे दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला चटकन दाबून चटकन उचलावीत. मला विचाराल तर पेटीपेक्षा सी स्वराचा दहा भोकांचा साधा माउथ ऑर्गन घ्यावा. फुंकताना एक स्वर आणि ओढताना दुसरा, हे केजन अकॉर्डियनचेच तत्त्व त्यात आहे, आणि आठवड्याभरात श्वासाला ते तुटणे समजते. खरे केजन अकॉर्डियन हातांनी घडवलेले आणि महाग असते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीतून येणारी वाद्ये बंद झाल्यावर लुइझियानातील कारागिरांनी ती स्वतः बनवण्यास सुरुवात केली, आणि युनिस येथे मार्क सव्वा यांनी १९६६ साली उघडलेले दुकान त्या परंपरेतील नावाजलेले आहे. वाद्य घेण्याची घाई करू नये.

दोन कडव्यांमधील वाद्यांच्या भागाकडे आता पुन्हा यावे. केजन पद्धतीत त्या भागात अकॉर्डियन आणि फिडल आळीपाळीने संपूर्ण चाल म्हणतात. गायकाला श्वास मिळतो आणि जोड्यांना सभागृहाच्या एका बाजूकडून दुसरीकडे जाण्याइतका अवकाश. तो भाग कापून कोणी हे गाणे मैफिलीत म्हणू नये. चार जणांत गाणार असाल तर तेवढा वेळ माउथ ऑर्गनने चाल म्हणावी आणि गाणाऱ्याने गप्प राहावे.

मागची वाट

इथवर आल्यावर जुनी ध्वनिमुद्रणे उलट्या क्रमाने ऐकावीत. आधी बोसोलेचे स्वतःचे अल्बम. मग १९६४ च्या न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात ज्यांच्या वादनाला मोठा प्रतिसाद मिळाला आणि ज्यांनी परत जाऊन आपल्या लोकांना आपल्या संगीताचा अभिमान दिला, ते फिडलवादक ड्यूई बाल्फा. त्यानंतर १९४० च्या दशकाच्या अखेरीस अकॉर्डियनला पुन्हा मान मिळवून देणारे आयरी लजून. आणि शेवटी १९२८ साली न्यू ऑर्लिन्समध्ये जो फाल्कन व क्लेओमा ब्रो यांनी केलेले पहिले केजन व्यापारी ध्वनिमुद्रण, ‘आलाँ आ लाफायेत’. त्याचाही अर्थ ‘चला लाफायेतला’ असाच आहे. साठ-बासष्ट वर्षांनी उत्तरेतील एक गायिका ‘चला ट्विस्ट अँड शाउटला’ म्हणते तेव्हा ती हाच धागा पुढे नेत असते, फक्त गाव बदललेले असते.

शंभर वर्षांपूर्वीच्या मुद्रणांत खरखर फार आहे. ऐकायला बसू नये. मोजे घालून फरशीवर उभे राहावे, खर्ज सापडेपर्यंत वाट पाहावी, आणि डावा पाय आधी टाकावा.